मला वर ओढ

३ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारची सुट्टी, भांडी घासायच्या खोलीमागे

बाबा,

फोनवर तुम्ही गप्प बसता म्हणून कागदावर आलो. ताई फोन तुमच्या कानाला लावते, मी इकडून "बाबा, बाबा" करतो आणि तिकडून फक्त पंख्याचा आवाज येतो. पंख्याशी माणूस किती बोलणार? कागदाचं बरं असतं. ऐकणाऱ्याने तोंड फिरवलं तरी तो आपला पुढे चालूच राहतो. तुम्ही आठ महिन्यांत चष्मा लावला नाही असं ताई म्हणते, तेव्हा वाचून तीच दाखवेल. ताई, गाळू नकोस. तुला गाळायची खोड आहे. चहा गाळ, पत्र गाळू नकोस.

माझ्या अक्षराला हसू नका. सातवीनंतर ते वाढलंच नाही.

मी मजेत आहे. मोठं हॉटेल आहे, स्वयंपाकघरात आम्ही चौदाजण. पाच महिने भांडी घासली. हाताची बोटं पाण्यातल्या मनुकांसारखी झाली होती. दिवाळं निघालं नखांचं. आता मला गोडाच्या टेबलावर घेतलंय. या टेबलाच्या मालकीण म्हणजे बाई. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, मॅनेजरसुद्धा. साठीच्या आहेत, हाडकुळ्या, एका पायाने जरा लंगडतात आणि लंगडत असूनही सगळ्यांच्या आधी पोचतात. तोंड असं की विचारू नका. मला वाटलं होतं, जगात तुमच्या तोंडाला तोड नाही. आहे, बाबा.

गेल्या आठवड्यात मी एक पराक्रम केला. इथे एक इटालियन मिठाई होते, तिरामिसू. नाव तोंडात बसायला मला दोन दिवस लागले. बोटाएवढी लांब, स्पंजासारखी हलकी बिस्किटं असतात. ती कडक काळ्या कॉफीत बुडवायची, ताटात ओळीने मांडायची, वर मऊ चीज आणि अंड्याच्या बलकाचा थर, परत बिस्किटं, परत थर, वर कोकोची भुकटी. आणि मग थंडाव्यात ठेवून एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. बाई त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "बिस्किटं बुडवून मांडून ठेव. बुडवता येतं ना?"

मी म्हटलं, "बाई, बुडवण्यात तर माझा जन्म गेला."

आणि खोटं नव्हतं ते. आपल्या बेकरीत घाण्यातला पहिला टोस्ट चहात बुडवायचा, एक, दोन, तीन म्हणायचं, बाहेर काढून आडवा धरायचा. वाकला तर तो घाणा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून हे काम माझ्याकडे. तुम्ही ओरडायचात, "घाई करू नकोस, तीन म्हणजे तीन!" तर मी इथे साठ बिस्किटं घेतली आणि एकेकाला प्रामाणिकपणे एक, दोन, तीन.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुरी घातली. ताटातून कॉफी अशी वाहायला लागली की लंबूने फडकं घेऊन धाव घेतली. (लंबू म्हणजे भाजी चिरणारा. साडेचार फूट आहे.) थर म्हणून काही नव्हतंच. बाई ताटाकडे बघतच राहिल्या.

"किती वेळ बुडवलीस?"

"तीन आकडे."

"हे बिस्किट आहे की म्हैस? याला नुसतं दाखवायचं असतं कॉफीला. इकडून तिकडून, झालं. कोणी शिकवलं तुला तीन आकडे?"

"वडिलांनी."

"वडील आचारी आहेत?"

"बेकरीवाले."

"त्यांच्या बेकरीत तिरामिसू होतं?"

"नाही बाई. टोस्ट."

सगळं स्वयंपाकघर हसलं. तेव्हापासून माझं नाव टोस्ट पडलंय. पण बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी हात धुताना म्हणाल्या, "तीन आकडे टिकतं म्हणजे काय भाजत असेल तो माणूस!" मी नळ मोठा सोडला.

बाकी काय. भट्टीचं मी फोनवर सांगितलंय, पुन्हा सांगतो. घर सोडलं त्या दिवशी गाडीच्या घाईत विसरलो. दुपारची लाकडं घालायची पाळी माझी होती, ते डोक्यातून गेलं. बावीस वर्षं न विझलेली भट्टी माझ्या विसरण्याने विझली आणि तेव्हापासून तुम्ही पलंग धरलात, याचं मला वाईट वाटतं.

ताई, त्यांना उठवून बसव. डॉक्टर म्हणाला ना, पायात काही दोष नाही.

तुमचा
धाकटा

११ फेब्रुवारी, बुधवार
गोडाच्या टेबलावर, पिठाचा डबा सरकवून

बाबा,

ताईचं उत्तर आलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करूनच पत्र ऐकलंत, पण 'म्हैस' आली तिथे तुमचा खांदा हलला म्हणे. ताई म्हणते हसलात. मी म्हणतो डास चावला असेल. तरी चालेल.

आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. ती ऐकल्यापासून माझं काही खरं नाही.

बाईंनी मला बलक फेटायला बसवलं. खाली गरम पाण्याचं पातेलं, वर पितळी वाडगं, त्यात बलक आणि साखर. मशीन आहे की कोपऱ्यात, मी म्हटलं. म्हणाल्या, "मशीनला दिसतं का? तुला डोळे आहेत." फेटत बसलो. आधी नुसता पिवळा चिकट गाळ. हात भरून आले. मग हळूहळू तो रंग सोडायला लागला. पिवळ्याचा फिका, फिक्याचा जवळजवळ पांढरा, आणि वाडग्यात होता त्याच्या तिप्पट झाला. मी काहीच घातलं नव्हतं, बाबा. नुसता हात आणि वारा. फेटणी वर उचलली तर रिबिनीसारखी धार पडली आणि वरच्या वर घडी घालून बसली. पिठाचा गोळा फुगताना मी लहानपणापासून बघतोय, पण तिथे खमीर असतं. इथे कोण होतं?

मी तोंड उघडं टाकून बघत होतो तर बाई म्हणाल्या, "याचं नाव काय आहे माहीत आहे का? म्हणजे अर्थ?"

मला वाटलं गावाचं नाव असेल, नाहीतर कुठल्या राणीचं. मिठायांना तशीच नावं असतात, नाही का? कुणाचं तरी गाव, कुणाची तरी राणी, नाहीतर दिसते कशी त्यावरून.

"मला वर ओढ," बाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरायला पुढे झालो. पाय लंगडा, मला वाटलं तोल गेला.

"मला नाही रे गाढवा! नावाचा अर्थ. तिरा म्हणजे ओढ, मी म्हणजे मला, सू म्हणजे वर. मला वर ओढ. मला उठव."

बाबा, मी फेटणी खाली ठेवली. पाच महिने मी या मिठाईच्या बशा घासल्या. टेबलावर लोक बोट दाखवून मागवतात, वेटर ओरडत आत येतो, "दोन तिरामिसू, चार तिरामिसू!" आणि त्याचा अर्थ हा? दिवसाला चाळीस वेळा इथे कोणीतरी ओरडतंय, मला उठवा, आणि आम्ही बशीवर कोको भुरभुरवतोय!

मी विचारलं, "असं नाव कोणी ठेवलं?" तर त्यांनी सांगितलं ते असं. नक्की कुणालाच माहीत नाही. मिठाई फार जुनी नाही, काही पिढ्यांचीसुद्धा नाही, तरी तिकडची दोन शेजारची गावं 'आमची, आमची' करत भांडतात. बाई ज्या म्हातारीकडे शिकल्या ती तिकडचीच. तिला विचारलं की ती भांडणात पडायची नाही. ती म्हणायची, हॉटेलवाल्यांना भांडू दे, आमच्या घरात याची आई होती. म्हणजे असं, की तिकडे कुणी आजारातून उठलेलं असेल, बाळंतीण असेल, ताकद गेलेलं कुणीही असेल, तर घरची बाई अंड्याचा बलक आणि साखर वाटीत घेऊन हात दुखेपर्यंत फेटायची आणि चमच्याने भरवायची. एवढंच. कॉफी नाही, चीज नाही, कोको नाही. मग कोणीतरी कधीतरी ती वाटी उचलून बिस्किटावर ओतली आणि तिला हे नाव दिलं.

मी म्हटलं, "म्हणजे ही आजाऱ्याची पेज आहे!"

"पेजच. कपडे चांगले घातलेत."

मी तेव्हापासून तेच घोळवतोय. एवढ्या मोठ्या हॉटेलात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, कुणाच्या तरी आजारपणाची वाटी जाते आणि कोणाला पत्ता नाही. आणि नाव ठेवणाऱ्याची कमाल बघा. त्याने 'शक्तिवर्धक' ठेवलं नाही, 'फार चविष्ट' ठेवलं नाही. सरळ मागितलंच. लाज सोडून. आपल्या घरात असं कोण मागतं? आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ मळायला उभे होतात. मी दारातून बघत होतो. तुमचे खांदे हलत होते, पण ते मळण्यानेही हलतात. मला जवळ यावंसं वाटलं आणि कसं यायचं ते कळलं नाही.

ताई, हे वाचलंस का? वाच. गाळलंस तर मला कळेल.

एक काम आहे. बाईंना तीन आकडे टिकणारा टोस्ट बघायचाय. दुकानातून आणून दाखवले, सगळे दोनात वाकले. मी म्हटलं, मी करून दाखवतो, लहानपणापासून बघितलंय. उद्या करतो.

तुमचा
धाकटा

१ मार्च, रविवार
खोलीवर

बाबा,

झाली फजिती. मी पाव भाजला, गरम गरम कापला, काप तव्यावर वाळवले आणि बाईंसमोर ठेवले. बाईंनी एक चहात घातला. एक म्हणायच्या आत त्याने राम म्हटला. बाईंनी कप माझ्याकडे सरकवला, "हे चमच्याने खातात का तुमच्याकडे?"

मी ताईला सगळी कृती लिहून पाठवली होती, कुठे चुकलं बघ म्हणून. आणि मग ताईचं हे उत्तर! चार वेळा वाचलं. लंबूलाही वाचून दाखवलं. ताईने लिहिलंय ते तुम्हालाच परत सांगतो, कारण तुम्हाला वाटत असेल ती मला हे कळवणार नाही:

"मी वाचत होते, 'पाव गरम असतानाच कापला.' तर भिंतीकडून आवाज आला, 'गाढव!' मी घाबरून पत्र खाली टाकलं. आठ महिन्यांत पहिला शब्द. मी म्हटलं, 'बाबा, कोण गाढव?' तर म्हणाले, 'गरम कापला! एक दिवस शिळा झाल्याशिवाय सुरी लावतात? आणि तवा? तवा?' आणि उशीला टेकून बसले. बसले रे! मग म्हणाले, 'पुढे वाच, अजून काय दिवे लावलेत.'"

बाबा, मी रस्त्यावर उभा राहून हसत होतो. एवढं गोड 'गाढव' मला आजवर कोणी म्हटलं नाही. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघ, फेटल्याशिवाय काही फुगत नाही."

पण मग ताईने खाली लिहिलंय की दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आडवे झालात. ताईने भट्टीचा विषय काढला तर म्हणालात, "ते संपलं." आणि तोंड भिंतीकडे.

म्हणून हे पुढचं ताईसाठी. ताई, तू भट्टी पेटव. हो, तूच. शिवणाचं मशीन आठ दिवस झाकून ठेव. ते नाही म्हणतील, पेटव. शिव्या देतील, पेटव. तुला येत नाही हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. म्हणूनच तू पेटव. मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय, कळतंय मला. पण मी तिथे असतो तर त्यांनी मला हात लावू दिला नसता, आणि तुला आजवर कधी लावू दिलाच नाही. तुझी पाळी कधी आलीच नाही, ताई. दुपारची लाकडंसुद्धा मला, कारण मी मुलगा. हे मला इथे आल्यावर दिसलं. इथे बाईंच्या हाताखाली चार पुरुष आहेत आणि सगळ्यांची तंतरते.

बाबा, हे तुम्ही ऐकताय हे मला माहीत आहे. तुमच्यासमोर कट करतोय, म्हणजे तो कट नाही.

धाकटा

१६ मार्च, सोमवार
टेबलावर, बाई जेवायला गेल्यात

बाबा,

ताईची तीन पत्रं एकदम आली. मी आधी शेवटचं उघडलं, मग धीर झाला नाही म्हणून बंद करून पहिल्यापासून वाचली.

पहिल्या दिवशी तिने भट्टीत मोठी लाकडं रचली आणि काडी ओढणार, एवढ्यात आतून तुमची आरोळी. "विटा फोडतेस का? नऊ महिने थंड आहे ती! पहिल्या दिवशी काटक्या. फक्त तोंडाशी. दार उघडं ठेव." पलंगावरूनच. दुसऱ्या दिवशी जरा आत, जरा जास्त. तिसऱ्या दिवशी विटांना घाम फुटला. ताई घाबरली, भिंतीवरून पाणी ओघळतंय म्हणून आत पळत आली. तुम्ही म्हणालात, "रडू दे तिला. आत साठलेलं आधी बाहेर पडतं, मग तापते." चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, धुराचा रंग काय? ताई म्हणाली, धुरासारखा. तुम्ही म्हणालात, "या घरात मला सगळी अशीच मिळाली," आणि पाय खाली टाकलेत.

भिंतीला धरून गेलात म्हणे. ताईने हात पुढे केला तो झटकलात. मधल्या उंबऱ्याशी थांबलात, दम लागला, आणि मग तिचा खांदा धरलात. ती लिहिते, "किती हलके झालेत रे." ते वाचून मला पुढे वाचवेना.

सातव्या दिवशी तुम्ही खुर्चीत, भट्टीच्या तोंडासमोर. ताईने पहाटेपासून लाकडं घातलेली. आतला घुमट काळाकुट्ट, काजळी धरलेली. आणि मग तुम्ही म्हणालात, "आता बघ. बोलू नकोस." आणि त्या काळ्या घुमटात मधोमध एक पांढरा ठिपका पडला. तो वाढत गेला. काजळी जळत गेली आणि विटा पांढऱ्या होत गेल्या, वरून खालपर्यंत, जसं कोणी आतून चुना फासतंय. ताई लिहिते, "एवढी वर्षं या घरात राहिले आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं." मीसुद्धा नाही, बाबा. मी जन्मलो तेव्हा भट्टी तापलेलीच होती. ती कशी जिवंत होते हे आपल्या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि आता ताईला.

मी विचार करत होतो की मी तुम्हाला उठवणार. पत्रं लिहून, मिठाईच्या गोष्टी सांगून. मोठा आलो शहाणा. उठवलं ताईने, आणि तेही चुकीची लाकडं रचून.

आता मला एक सांगायचंय. ते सांगितलं नाही तर या सगळ्यावर माझं मन बसणार नाही. ताई, हे वाचताना तू त्यांच्याजवळ बस.

मी विसरलो नव्हतो.

त्या दुपारी तुम्ही आत झोपलात. माझ्यावर सोडून झोपलात. सकाळी गिऱ्हाइकांसमोर आपलं वाजलं होतं. मी म्हटलं होतं, हे टोस्ट आता जनावरंही खात नाहीत, लोक पाकिटातलं खातात, तुम्ही आणि तुमची भट्टी दोघं मेल्यात जमा. तुम्ही टोस्ट पुड्यात बांधत राहिलात. दुपारी मी पिशवी भरली आणि लाकडं घालायला गेलो. खरंच गेलो होतो. दोन ओंडके हातात होते. भट्टीचं लोखंडी दार उघडलं आणि आत बघत उभा राहिलो. निखारे होते, लाल. मला वाटलं, मी हे लाकूड घातलं तर उद्या घालावं लागेल, परवा घालावं लागेल, आणि मी म्हातारा होऊन इथेच मरेन. मी ओंडके खाली ठेवले. निखाऱ्यांवर राख चढेपर्यंत बघितलं. मग गेलो. गाडीला दीड तास होता, बाबा. घाई नव्हती.

हे लिहून झालं. आता तुम्हाला परत भिंतीकडे तोंड करायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे. मला इथून धरायला खांदासुद्धा पुढे करता येत नाही. पण खोट्यावर उठलेलं माणूस परत पडतं असं मला वाटतं, म्हणून लिहिलं.

धाकटा

९ एप्रिल, गुरुवार
गोडाच्या टेबलावर

बाबा,

तेवीस दिवस तुमच्याकडून काही नाही, ताईकडूनही नाही. मी तीन बशा फोडल्या. बाई म्हणाल्या, "टोस्ट, तू घरी जा नाहीतर जमिनीवर ये." मी म्हटलं, घरी मला कोण विचारतंय.

आणि काल पत्र्याचा डबा आला. कापडात शिवलेला, ताईची शिवण, ओळखली मी. मी धावलो. तर वर नाव बाईंचं! 'गोडाच्या टेबलाच्या बाई यांस.' माझं नाव कुठेच नाही. लंबू म्हणाला, "तुझे वडील आहेत ना नक्की?"

बाईंनी डबा उघडला. वास आला, आपल्या बेकरीचा. बाईंनी एक टोस्ट उचलला, वाकवून बघितला, टेबलावर आपटून बघितला. आतल्या चिठ्ठीत ताईचं अक्षर, शब्द तुमचे. बाईंनी ती स्वतः वाचली आणि मग मला दिली. "हे तुझं आहे," म्हणाल्या, "माझं नाव नुसतं डब्यावर." ती चिठ्ठी आता माझ्यासमोर आहे. तुम्ही सांगितलंत तसं तिने लिहिलंय:

"विसरला नाहीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. विसरणारा दार लावलेलं सोडतो. मी उठून आलो तर दार उघडं होतं आणि दोन ओंडके खाली नीट ठेवलेले. म्हणजे कोणीतरी उभं राहून बघून, ठरवून गेलेलं. मी रागावलो नाही. तुझ्यावर रुसून झोपलो असं तुम्हा दोघांना वाटलं, ते तसं नव्हतं. मला वाटलं, पोरगं सहा वर्षांचं असल्यापासून माझा टोस्ट पारखतंय. माझ्या घाण्याला वाईट म्हणायचा हक्क मी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. त्याने बघून विझवली, म्हणजे माल खरंच गेला असेल. बावीस वर्षं मलाच कळलं नसेल. मग उठून करायचं काय? आता भट्टी पेटलीय. हा घाणा ताईच्या हातचा, मी फक्त बसून ओरडलो. पण तू सांगितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला दिलेला नाही. पुडे बांधून ठेवलेत. बाईंना चव दाखव, तू खा, आणि खरं काय ते लिही. माझी कीव करू नकोस. वाईट असेल तर वाईट लिही."

बाबा, मी ते वाचून भांडी घासायच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. मी नऊ महिने समजत होतो की तुम्ही माझ्यावर चिडलात. आणि तुम्ही माझं खरं मानून पडून होतात. माझं! सातवी नापासचं! रागात तोंडाला येईल ते बोललेल्या पोराचं! एवढा विश्वास कोणी कोणावर टाकतं का? मला तो पेलवत नाही, पण टाकलाच आहे तुम्ही, तर जबाबदारीने सांगतो. कीव नाही, खरं.

बाईंनी टोस्ट घालून तिरामिसू करून बघितलं. जमलं नाही. कॉफी बाहेरूनच पितो, आत कोरडा राहतो, आणि चीजच्या नाजूक थराखाली तो पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. बाई म्हणाल्या, "याला दुसऱ्या कुणाचा आधार नको आहे, म्हणून हा मिठाईत बसत नाही." हे एक.

दुसरं. एका बाजूच्या कडा जरा जास्त भाजल्यात. ताईने भाजताना टोस्टचा ट्रे फिरवला नसणार. तिला सांगा, भट्टी डाव्या अंगाला जास्त तापते. की तिला हे सांगायला तुम्हीच विसरलात? मीठही चिमूटभर कमी आहे.

तिसरं. चहाच्या सुट्टीत आम्ही चौदाजण मागच्या दारी क्रेट उलटे करून बसलो. बाईंनी प्रत्येकाला एकेक दिला. आमच्याकडे चहाच्या सुट्टीत नुसता गोंधळ असतो, शिव्या, मोबाईलवरची गाणी. काल कोणी बोललं नाही. फक्त कुरकुर आवाज, चौदा जबड्यांचा. लंबू मध्येच म्हणाला, "आयला," आणि परत गप्प. मॅनेजर सिगारेट ओढायला बाहेर आला, त्याला वाटलं कोणीतरी गेलं. बाईंनी चार खाल्ले, मोजले मी, आणि मग डब्याला झाकण लावून तो स्वतःच्या कपाटात टाकला, कुलूप घातलं. किल्ली गळ्यात. मी म्हटलं, "बाई, वडिलांचा आहे तो डबा." म्हणाल्या, "नाव कोणाचं आहे वाच."

मी माझा शेवटी खाल्ला. चहा न घेता, कोरडाच. बाबा, तो चांगला आहे. त्या दिवशीही चांगला होता. मी वाईट म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात टोस्ट नव्हता, नुसता राग होता. मला तिथे राहायचं नव्हतं, एवढंच खरं होतं, आणि ते म्हणायची हिंमत नव्हती म्हणून मी तुमच्या घाण्याला नावं ठेवली. मला अजूनही भट्टीपाशी राहायचं नाही. मी इथेच फेटत बसेन, पुढे अजून कुठे जाईन. भट्टी ताईची आहे, तिला ती पांढरी होताना दिसलीय. पण माल पारखायला मी आहे, जिथे असेन तिथून.

पुडे सोडा. आजच सोडा. उद्या शिळे होतील असं नाही, पण गिऱ्हाईक नऊ महिने थांबलंय.

धाकटा